घरचा घास आणि श्वानाचे शरीर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला शास्त्र शिकवीत. फळ्यावर प्रथम 'का?' एवढेच लिहून ते धड्याला आरंभ करीत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर वर्गातून आल्याखेरीज पुस्तक उघडू देत नसत. या मालेत आजवर इतिहास, संतवाङ्मय, संगीत अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्या पंक्तीत एका पशुवैद्याला पाट मिळाला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून मी इंदुरात सुमारे चाळीस वर्षे दवाखाना चालविला. त्या अनुभवातून एकच विषय आज आपणांपुढे मांडतो: आपल्या घरातील कोणते अन्न आणि कोणत्या वस्तू कुत्र्याला अपायकारक ठरतात, आणि का.

विषबाधा म्हटले की कोणा दुष्टाने फेकलेला विषारी तुकडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. तसे प्रकारही घडतात. परंतु माझ्या टेबलावर आलेल्या विषबाधित कुत्र्यांपैकी पुष्कळांच्या पोटात ते विष गेले होते घरच्याच हातांनी, आणि तेही मायेने. म्हणूनच हा विषय मला कुटुंबवत्सल माणसांच्या सभेत मांडण्याजोगा वाटतो.

परंपरेतील श्वान

आपल्या परंपरेत कुत्र्याचा वाटा ठरलेला आहे. श्राद्धाच्या पंचबलीत गाय, कावळा आणि मुंगी यांच्या बरोबरीने श्वानाचाही घास काढून ठेवतात. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत. होळकरांचे कुलदैवत जो खंडोबा, त्याच्यासोबत कुत्रा आहे. आणि येथून जवळच उज्जैनला काळभैरवाचे वाहनही तोच. नामदेवांची गोष्ट तर आपण सर्वांनी बालपणीच ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. माळव्यात आजही पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, असा रिवाज कित्येक घरांत पाळला जातो.

ही करुणा आपल्याला वारशाने मिळाली आहे. प्रश्न एवढाच, की ज्या काळात हे रिवाज पडले, त्या काळच्या घरात चॉकलेट नव्हते, साखरविरहित गोळ्या नव्हत्या, वेदनाशामक औषधांचा डबा नव्हता आणि कोठीत विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्याही नव्हत्या. घर बदलले, कुत्र्याचे शरीर मात्र तेच राहिले.

शरीर निराळे कसे?

कुत्रा मनुष्याच्या सहवासात किमान पंधरा हजार वर्षे आहे, असे सर्वसाधारणपणे मानतात. या सहवासाने त्याच्या पचनशक्तीत फरक पडला. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या ॲमायलेज या विकराचे जनुक लांडग्यात दोन प्रतींत असते, तर कुत्र्यात ते ४ ते ३० प्रतींत आढळते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. आपली भाकरी, पोळी, भात त्याला मानवतो, याचे एक कारण हे.

पण अन्न पचविणे वेगळे आणि त्यातील अपायकारक द्रव्यांचा निचरा करणे वेगळे. हे दुसरे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि तेथे प्रत्येक प्राणिजातीची सामग्री भिन्न असते. आपल्या यकृतात ॲसिटिलीकरण घडविणारी जी विकरे आहेत, ती कुत्र्यात मुळातच नाहीत. याचे सर्वांत विदारक उदाहरण कुत्र्याचे नसून गिधाडाचे आहे. डायक्लोफिनॅक हे गाईगुरांना सोसणारे औषध. पण ते दिलेल्या जनावराचे शव खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर आपल्या देशातील गिधाडांच्या काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर बंदी आली. 'मला चालते, म्हणून त्याला चालेल' हे अनुमान निसर्गात कोठेच खरे ठरत नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. साठ किलोच्या माणसाला जे चिमूटभर, ते पाच किलोच्या पॉमेरेनियनला बारा चिमटी झाले. शिवाय कुत्रा चाखत नाही, तो गिळतो. पाकीट, कागद, दोरा यांसकट गिळतो. पुढे मी जे आकडे सांगेन, ते सर्व शरीराच्या दर किलोमागे समजावेत.

स्वयंपाकघरात

प्रथम कांदा आणि लसूण. आपला माळवा लसणाचा प्रांत, आणि आपल्या फोडणीला या दोहोंवाचून चव नाही. या वर्गातील वनस्पतींत गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर आघात करतात. पेशींत लहान लहान गाठी दिसू लागतात आणि मग त्या पेशी फुटतात. कांद्याने कुत्र्यात पांडुरोग होतो, ही नोंद अमेरिकेत १९३० सालीच झालेली आहे. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायास पुरतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, सुमारे दोन मध्यम कांदे. लसूण तर वजनास वजन याहून तीव्र. शिजविल्याने, तळल्याने वा वाळविल्याने हा दोष जात नाही. रोजचे थोडे थोडेही साचत जाते. आणि लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद तांबूस होते. तोवर कांदा कोणाच्या स्मरणातही उरलेला नसतो.

दुसरे द्राक्ष, मनुका आणि बेदाणे. येथे एक घटना सांगितली पाहिजे. १९९४ साली एका घरी सत्यनारायण झाला. घरात साडेचार किलो वजनाचा पांढराशुभ्र पॉमेरेनियन होता. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे सढळ हाताने घातलेले. आलेल्या प्रत्येकाने कौतुकाने त्याला आपल्या द्रोणातला घास भरविला. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी तो अन्नाला शिवेना. तिसऱ्या दिवशी लघवी थांबली. रक्ततपासणीत मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसले, कारण सापडेना. पाचव्या दिवशी तो गेला. घरातल्या आजींनी मला विचारले, "डॉक्टर, सगळ्यांनी तोच प्रसाद खाल्ला. मग यालाच काय झालं हो?"

त्या वेळी या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हा वृत्तान्त अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राच्या तज्ज्ञांनी तेथील पशुवैद्यक नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध केला. किलोमागे सुमारे तीन ग्रॅम बेदाण्यांनीही अपाय झाल्याच्या नोंदी आहेत. साडेचार किलोच्या कुत्र्याला तेरा-चौदा ग्रॅम पुरतात. म्हणजे लहानशी मूठ. तो वृत्तान्त वाचला तेव्हा त्या पॉमेरेनियनचे दुखणे बहुधा कशाचे होते, ते मला उमगले. प्रश्न विचारणाऱ्या आजी मात्र तोवर राहिल्या नव्हत्या.

मग द्राक्षात असे आहे तरी काय? पुढली वीस वर्षे हे कोडे सुटले नव्हते. एका कुत्र्याने मुलांच्या खेळासाठी घरी मळलेला पिठाचा गोळा खाल्ला. त्यात क्रीम ऑफ टार्टार होते, आणि त्याची मूत्रपिंडे द्राक्षे खाल्ल्याप्रमाणेच बिघडली. त्यावरून २०२१ साली संशोधकांनी असे मांडले, की दोष टार्टारिक आम्लाचा असावा. द्राक्षात हे आम्ल असते आणि त्याचे प्रमाण जातीनुसार व पिकण्याच्या अवस्थेनुसार बदलते. म्हणूनच एखादा कुत्रा द्राक्षे पचवितो आणि दुसरा चार दाण्यांनी आजारी पडतो. आपणां मराठी माणसांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे कारण आहे. टार्टारिक आम्लाचा मोठा साठा आपल्या फडताळात बारमाही असतो: तो म्हणजे चिंच. चिंच खाऊन कुत्र्यांत मूत्रपिंडांचा असाच विकार झाल्याच्या नोंदी आता आल्या आहेत. आमटीत बुडालेला पोळीचा एखादा तुकडा त्याच्या तोंडी गेला म्हणून घाबरून जाऊ नये. पण चिंचेचा गोळा, कोळाचे भांडे, पाणीपुरीचे पाणी आणि आंबटगोड चटणी ही त्याच्या तोंडापासून दूरच बरी.

तिसरे चॉकलेट. त्यातील थिओब्रोमिन हे द्रव्य आपल्या शरीरातून तुलनेने लवकर निघून जाते; कुत्र्यात मात्र त्याचा निम्मा भाग उतरायलाच साडेसतरा तास लागतात. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब व अस्वस्थता. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे दोन मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते, काळ्या कडसर चॉकलेटमध्ये पाच वा अधिक, आणि कोको पावडरीत वीसहून जास्त. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दुधाच्या चॉकलेटची शंभर ग्रॅमची वडी जे करील, ते कोको पावडरीचे दोन-तीन चहाचे चमचे करतील. दिवाळीत मिठाईची जागा चॉकलेटच्या पेट्यांनी घेतल्यापासून हे रुग्ण दवाखान्यात वाढले.

चौथे झायलिटॉल. ही एक गोड चवीची, साखरेसारखी वस्तू. साखरविरहित च्युइंग गम, काही टूथपेस्टी, मधुमेहींसाठीचे काही गोड पदार्थ यांत ती असते. माणसाला ती निरुपद्रवी. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र ती साखरच वाटते आणि ते भराभर इन्शुलिन सोडते. हा परिणाम जपानी संशोधकांनी १९६६ सालीच नोंदला होता. किलोमागे अवघ्या ०.१ ग्रॅमने अर्ध्या-एक तासात रक्तशर्करा कोसळते, कुत्रा झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. अर्ध्या ग्रॅमच्या पुढे यकृतच धोक्यात येते. ज्या घरात मधुमेहाची औषधे आहेत, त्या घरात या वस्तूंच्या पाकिटांवरील मजकूर वाचण्याची सवय असावी.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात करतो. फराळाचे तळण, मटणाची चरबी आणि तुपाचे पातेले चाटावयास दिल्याने स्वादुपिंडाचा दाह होतो. नामदेवांच्या वाटीतले चमचाभर तूप निराळे आणि पातेले निराळे. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या फासळ्या निघतात व आतड्याला भोसकतात. यीस्ट घालून भिजविलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि आंबून मद्यार्क निर्माण करते. महाशिवरात्रीला व होळीला आपल्या भागात भांगेचा प्रसाद असतो. दुसऱ्या दिवशी झोकांड्या खाणारा, नकळत लघवी सांडणारा, आवाजाने दचकणारा कुत्रा हमखास येतो. त्याच्यावर हसू नये. त्या बिचाऱ्याला आपल्याला काय होते आहे ते कळत नसते.

औषधांचा डबा

घरातील सर्वांत धोकादायक जागा कोणती, असे मला विचाराल तर मी औषधांचा डबा दाखवीन. कुत्रा लंगडला, अंग तापले, की घरातलीच गोळी गुळात घालून देतात. आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आठ किलोच्या कुत्र्याला किलोमागे ५० मिलिग्रॅम होते. जठराला व्रण पडून रक्ताची उलटी होण्यास एवढे पुरे. याहून जास्त गेल्यास मूत्रपिंडे बंद पडतात. पॅरासिटॅमॉल जास्त झाल्यास यकृत नासते आणि रक्ताचा रंग तपकिरी होतो. हिरड्या चॉकलेटी दिसू लागल्या तर वेळ दवडू नये. मांजराला तर त्याची एक गोळीही प्राणघातक ठरते. पशुवैद्याने लिहून दिलेले वेदनाशामक निराळे असते, आणि त्याची मात्रा वजन करूनच ठरविलेली असते.

कोठी, न्हाणीघर आणि बाग

माळव्यात गहू वर्षाचा भरण्याची चाल आहे, आणि त्यात कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. दमट हवा वा पाणी लागताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. उंदरांसाठीच्या काळ्या झिंक फॉस्फाइड पावडरीतून हाच वायू जठरातील आम्लाने सुटतो. या दोहोंवर उतारा नाही. शिवाय अशा कुत्र्याच्या उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो. त्याला मोकळ्या हवेत ठेवावे, गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.

उंदरांच्या दुसऱ्या प्रकारच्या औषधाने, ब्रोमॅडायोलोनने, रक्त गोठण्याची शक्ती जाते. ते खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग नाकातून, हिरड्यांतून, छातीच्या पोकळीत रक्तस्राव सुरू होतो. याला मात्र उत्तम उतारा आहे: जीवनसत्त्व के-१. ते काही आठवडे द्यावे लागते. म्हणूनच विषाचा डबा फेकून न देता दवाखान्यात घेऊन यावा. डब्यावरचे नाव हाच निदानाचा अर्धा भाग असतो.

गोचिडांसाठी कुत्र्याला फिनेलच्या पाण्याने आंघोळ घालण्याची चाल अद्याप आहे. ते द्रव्य कातडीतून आत शिरते, आणि अंग चाटल्याने पोटातही जाते. कपाटातील डांबराच्या गोळ्या, देवघरातील कापूर, तंबाखूची पुडी, घड्याळातील बटणाएवढा सेल या सर्वांना त्याच्या नाकाची उंची ओळखून जागा द्यावी. बागेतील कण्हेर, तांबडी असो वा पिवळी, हृदयाची गती बिघडविते. बंगल्यांच्या दारांत शोभेसाठी लावतात त्या सायकसच्या बिया यकृताचा नाश करतात.

वेळ आलीच तर

कुत्र्याने काही खाल्ल्याचे लक्षात येताच चार गोष्टी कराव्यात. उरलेली वस्तू तोंडातून व समोरून काढून घ्यावी. वेष्टन जपून ठेवावे. काय, किती आणि किती वाजता खाल्ले ते कागदावर लिहावे. आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला कळवावे. पोट रिकामे करण्याचा खरा उपयोग पहिल्या दोन तासांतच असतो.

चार गोष्टी करू नयेत. मिठाचे पाणी पाजू नये; त्याने उलटी न झाल्यास मिठाचीच बाधा होऊन मेंदूला अपाय होतो. दूध, तूप, ताक हे उतारे नव्हेत. रॉकेल, आम्ल किंवा दाहक क्षार पोटात गेला असल्यास उलटी करवू नये. तो पदार्थ परत येताना अन्ननलिका वा फुप्फुसे भाजतो. आणि बेशुद्ध वा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

घास आधी काढावा

एवढी यादी ऐकून कोणी म्हणेल, मग त्याला घालावे तरी काय? उत्तर सोपे आहे. साधी पोळी, भाकरी, भात, बिनफोडणीचे वरण, उकडलेले अंडे, हाडाविना शिजविलेले मांस, उकडलेले गाजर किंवा भोपळा यांत त्याला काहीही अपायकारक नाही. अडचण उत्पन्न होते ती उरलेल्या अन्नातून, कारण तोवर त्यात कांदा, लसूण, चिंच, मीठ आणि तेल पडलेले असते.

येथे पंचबलीची रीत मला मार्गदर्शक वाटते. तेथे श्वानाचा घास उष्ट्यातून देत नाहीत. घरची माणसे जेवायला बसण्यापूर्वी तो वेगळा काढतात. आपण त्यात एवढीच भर घालावी: फोडणी पडण्यापूर्वी त्याचा वाटा काढून ठेवावा. प्रसाद करताना बेदाणे घालण्याआधी त्याच्यासाठी चमचाभर शिरा बाजूला ठेवावा. याला खर्च नाही, कष्ट नाहीत. फक्त त्याची आठवण आधी व्हावी लागते.

कुत्र्याला आपण काय देतो हे त्याला वाचता येत नाही. वेष्टनावरची अक्षरे त्याच्यासाठी नाहीत. ती आपल्यासाठी आहेत. त्याने आपल्या हातावर ठेवलेला विश्वास संपूर्ण असतो, आणि अशा विश्वासाला नुसत्या मायेने पुरे पडत नाही. मायेला माहितीची जोड द्यावी लागते. आपल्यापैकी कोणी आज घरी गेल्यावर औषधांचा डबा एक फळी वर ठेवला, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.